‘दिसतंय की बरोबर, मॅडम!’

बसा. हे लवकर संपणार नाही.

तुमच्या फाइली बघितल्या. सगळ्यांच्या. एकेक उघडून, प्रत्येक वक्रावर क्लिक करून, लिस्ट कमांड देऊन. हे ऐकूनच काहींचे चेहरे उतरले, कारण तुमची समजूत अशी की मॅडम प्रिंट लांबून बघतात, टायटल ब्लॉकमध्ये नाव-रोल नंबर आहे ना एवढं पाहतात आणि सही ठोकतात.

काय सापडलं ते सांगते. इलिप्स म्हणून चार चाप एकमेकांना चिकटवलेले. पॅराबोला म्हणून तीन बिंदूंतून ओढलेला चाप. सायक्लॉइड म्हणून बारा बिंदूंतून नेलेली स्प्लाइन, तीही टोकाशी गोल झालेली. आणि गिअरच्या दाताचा इन्व्होल्यूट म्हणून जे काही काढलंय, त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. बरं, विचारायला जावं तर सगळ्यांच्या तोंडी एकच पालुपद: ‘दिसतंय की बरोबर, मॅडम!’

दिसतंय? स्क्रीनवर तर ऑटोकॅड खरं वर्तुळसुद्धा सरळ रेषांचे तुकडे जोडून दाखवतं. झूम करा, कोपरे दिसतील. रीजेन द्या, नाहीसे होतील. फाइलमध्ये मात्र केंद्र आणि त्रिज्या साठवलेली असते आणि वर्तुळ तंतोतंत असतं. उलट तुमचा पॅराबोला कितीही मोठा करून रीजेन दिला तरी गुळगुळीतच दिसतो, आणि तो मुळातच चुकलेला आहे. म्हणजे कोपरे दिसणारं बरोबर असू शकतं आणि गुळगुळीत दिसणारं साफ चूक. तेव्हा डोळ्यांची साक्ष या विषयात चालत नाही, हे आधी डोक्यात शिरू दे.

गणितातला वक्र ही एक अट असते. पॅराबोलावरचा प्रत्येक बिंदू नाभीपासून आणि नियत रेषेपासून सारख्या अंतरावर असलाच पाहिजे. प्रत्येक बिंदू. तीन बिंदूंनी अट पाळली म्हणून बाकीच्यांना सूट मिळत नाही. त्या तीन बिंदूंतून अगणित वक्र जातात. त्यातला नेमका तुमचा कुठला, हे तुम्ही सांगायचं असतं, सॉफ्टवेअरने नाही.

गिअरपासून सुरुवात करू. तुमच्यातले बरेच जण बाहा या गाडी बांधायच्या स्पर्धेच्या टीममध्ये आहेत आणि ‘गिअरबॉक्स आम्हीच डिझाइन केलाय’ असं कॉरिडॉरभर सांगत फिरतात. दिलेलं काम साधं होतं: मॉड्यूल ४, दात २०, प्रेशर अँगल २० अंश. पिच सर्कलचा व्यास ८० मिमी, बाहेरचा ८८, मुळाचा ७०. बेस सर्कल म्हणजे ८० गुणिले कोसाइन २०, ७५.१७५ मिमी. इथपर्यंतची आकडेमोड सगळ्यांची बरोबर आहे, कारण ती पुस्तकात आहे. घोडं पुढे पेंड खातं.

पहिला प्रकार. निम्म्या फाइलींत इन्व्होल्यूट ७०च्या वर्तुळावरून सुरू होतो. इन्व्होल्यूटची व्याख्या पहिल्या वर्षी घोकली होतीत ना? बेस सर्कलवर गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडला की त्याचं टोक जो मार्ग आखतं तो. ताणलेल्या दोऱ्याचं टोक त्या वर्तुळाच्या आत कसं जाईल? ७५.१७५च्या आत इन्व्होल्यूट अस्तित्वातच नाही. तिथे कटरने कोरलेला ट्रोकॉइड असतो. तो काढणं जमत नसेल तर त्रिज्येची सरळ रेषा द्या, फिलेट द्या आणि शेजारी तसं लिहा. पण इन्व्होल्यूट खाली ओढून मुळाला टेकवू नका. टेकला म्हणजे जुळला असं होत नाही.

दुसरा प्रकार अंशांचा. समीकरण सगळ्यांनी लिहिलंय: एक्स म्हणजे आर गुणिले कंसात कॉस टी अधिक टी साइन टी, वाय म्हणजे आर गुणिले कंसात साइन टी वजा टी कॉस टी. यात साइन आणि कॉसच्या बाहेर जो मोकळा टी उभा आहे, तो कोण आहे? उलगडलेल्या दोऱ्याची लांबी भागिले त्रिज्या. म्हणजे तो रेडियनच असला पाहिजे, दुसरं काही असूच शकत नाही. दाताच्या टोकाला तो येतो ०.६०८५. अंशांत सांगायचं तर ३४.८६. सॉलिडवर्क्सच्या समीकरणात कोन रेडियनमध्ये जातो. तुमच्यातल्या एका विद्वानाने तिथे टीची मर्यादा ० ते ३४.८६ दिली. वक्र साडेपाच वेढे घेऊन केंद्रापासून १.३१ मीटरवर जाऊन थांबला. ८८ मिमी व्यासाचा गिअर आणि त्याचा दात सव्वा मीटरच्या पलीकडे! आपण काहीतरी चुकलो अशी शंका या गृहस्थाला आली का? छे. त्याने ट्रिम कमांड घेतली आणि बाहेरच्या वर्तुळापाशी वक्र कापून टाकला. उरलेला तुकडा नशिबाने जवळपास बरोबर निघाला, कारण समीकरण बरोबर होतं. त्यामुळे आपलं काही चुकलेलंच नाही असं त्याला आजही वाटतं. हीच फाइल क्रिओत केली असती तर नशीब उलटलं असतं. तिथे साइन आणि कॉस अंश मागतात, टी ० ते १ धावतो, आणि त्या मोकळ्या कोनाला पाय भागिले १८०ने गुणावं लागतं. ते विसरलात तर वक्र इन्व्होल्यूट राहतच नाही, कितीही ट्रिम करा. कुठलं सॉफ्टवेअर कोन कशात मागतं हे बघायला मॅन्युअल असतं. ते उघडायला हात जड होतात, यूट्यूबवरचा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघायला होत नाहीत.

तिसरा प्रकार सगळ्यांत सोकावलेला. बेस, पिच आणि टोक असे तीन बिंदू घ्यायचे, थ्री-पॉइंट आर्क मारायचा, आरशात उलटवायचा आणि वीस वेळा फिरवायचा. याच दातावर खऱ्या इन्व्होल्यूटची वक्रतात्रिज्या बेस सर्कलवर शून्य असते, पिच सर्कलवर १३.६८ मिमी होते आणि टोकाला २२.८७. ती सतत वाढत जाते. तुम्ही तिथे एकाच त्रिज्येचा चाप बसवलात. दोन दातांच्या स्पर्शबिंदूवरचा लंब कायम दोन्ही बेस सर्कलना स्पर्श करत राहतो, म्हणून गिअरच्या वेगांचं गुणोत्तर हलत नाही. इन्व्होल्यूट निवडण्याचं कारणच ते. तेच घालवलंत तर मग दात काढलेत कशाला, नुसत्या दोन तबकड्या घासायच्या होत्या. चापांनी दात काढायची जुनी रीत होती, ग्रँटचा ओडोंटोग्राफ त्यासाठीच होता. पण ती वापरणारा माणूस ‘हा अंदाजे आकार आहे’ हे जाणून होता. चांगल्या गिअरच्या प्रोफाइलची चूक मायक्रॉनमध्ये मोजतात. तुमची किती आहे? माहीत नाही ना? तिथेच तर माझा संताप आहे.

आता ‘पण मॅडम, आम्ही स्प्लाइन वापरली’ म्हणणाऱ्यांकडे वळते. स्प्लाइन शब्द उच्चारला की आपण गणित केलं असा तुमचा थाट असतो. ऑटोकॅडची फिट स्प्लाइन तुम्ही दिलेल्या बिंदूंतून जाते, हे खरं. मधल्या वाटेने कसं जायचं ते मात्र तिचं ती ठरवते. म्हणून ती सुरुवातीची आणि शेवटची स्पर्शिका द्यायचा पर्याय पुढे करते. तुम्ही काय करता? एंटर दाबता. पुन्हा एंटर दाबता. अरे, ती स्पर्शिका तुम्हाला माहीत होती! इन्व्होल्यूट बेस सर्कलवरून त्रिज्येच्या दिशेने निघतो. सायक्लॉइड जमिनीच्या रेषेला काटकोनात टेकतो. ही माहिती हातात होती आणि पर्याय समोर असताना तुम्ही गप्प बसलात. मग सॉफ्टवेअरने आपल्या मनाने टोक वळवलं तर त्याचा काय दोष? आणि ज्यांनी पॉलिलाइन काढून पीएडिटमधला स्प्लाइन पर्याय दाबला, त्यांनी तर कहर केला. तो पर्याय शिरोबिंदूंना नियंत्रणबिंदू समजतो, त्यामुळे वक्र तुमच्या बिंदूंतून जातसुद्धा नाही. इतकी आकडेमोड करून बारा बिंदू काढले आणि शेवटी दोन टोकं सोडून एकालाही न शिवणारा वक्र सादर केला. नाचता येईना, म्हणून अंगणच बदललंत.

नियंत्रणबिंदूंचे हे वक्र आले कुठून, तेही ऐका. १९५९च्या सुमाराला सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि पुढे साठीच्या दशकात रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते घडवले, मोटारींच्या बॉडीसाठी. स्टायलिंग करणाऱ्याला मनातली रेघ यंत्राला सांगता यावी, नियंत्रणबिंदू जरा ओढला की बॉनेटचा बाक बदलावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे नवा वक्र घडवायचं हे साधन. तुमच्यापुढचं काम उलटं आहे. वक्र आधीच ठरलेला आहे, समीकरणाने बांधलेला आहे, आणि तुम्हाला तो पाळायचाय. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्या स्टुडिओत फेंडर काढायला बसाल तेव्हा हवा तसा ओढा बिंदू. गिअरचा दात हा तुमच्या सौंदर्यदृष्टीचा प्रांत नाही.

माउसला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा असतो: हा वक्र सॉफ्टवेअरला तंतोतंत साठवता येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर अंदाजे काढणं हा गुन्हा. उत्तर ‘नाही’ असेल तर चूक किती ते न सांगणं हा गुन्हा. सबंध सत्र मी फळ्यावर हेच लिहीत होते, तुम्ही फोटो काढत होतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस तुमच्या पुण्यात येऊन-जाऊन होता, हे तरी ठाऊक आहे? लॉ कॉलेज रोडवरून दामले पथाला वळलं की भास्कराचार्य प्रतिष्ठान लागतं. चहा प्यायला त्या बाजूला जाता, पाटी वाचली नसेल. १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी ते स्थापन केलं. जन्म १९३०चा, उज्जैनचा. हार्वर्डमध्ये ऑस्कर झारिस्कींच्या हाताखाली डॉक्टरेट. पुढे पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक. २०१२ मध्ये गेले. बैजिक भूमितीतलं जगातलं मोठं नाव. आता तुमच्या कामाची गोष्ट. १९८७ मध्ये त्यांनी चंदरजित बजाज यांच्याबरोबर एक शोधनिबंधमाला सुरू केली, आणि तिची सुरुवात झाली ‘कॉम्प्युटर-एडेड डिझाइन’ याच नावाच्या नियतकालिकात. विषय: समीकरणाने दिलेला वक्र किंवा पृष्ठभाग पॅरामीटरमधल्या बहुपदींच्या गुणोत्तरांत आपोआप कसा मांडायचा. आधी शांकव, मग तिसऱ्या घाताचे वक्र, पुढे त्यावरच्या घाताचे आणि अवकाशातले. जगातला इतका मोठा गणिती ड्राफ्टिंगवाल्यांच्या नियतकालिकात जाऊन लिहितो आणि तुम्हाला वाटतं की सॉफ्टवेअर वापरताना गणित लागत नाही!

त्यातला तुमच्या बुद्धीला पेलेल तेवढा भाग सांगते. वर्तुळावरचा बिंदू १ वजा टी वर्ग भागिले १ अधिक टी वर्ग, आणि २टी भागिले १ अधिक टी वर्ग असा लिहिता येतो. टी अर्धा घाला: तीन पंचमांश, चार पंचमांश. शाळेतला ३-४-५चा त्रिकोण निघतो. वक्र असा दोन बहुपदींच्या भागाकारात मांडता आला की नर्ब्ज, म्हणजे कॅड सॉफ्टवेअरच्या आतल्या स्प्लाइन, त्याला तंतोतंत धरू शकतात. वर्तुळ, इलिप्स, पॅराबोला, हायपरबोला, सगळे शांकव या घरात येतात. तिसऱ्या घाताच्या वक्रांत मात्र घर दुभंगतं. वाय वर्ग बरोबर एक्स घन, हा येतो. टी वर्ग, टी घन असा सरळ लिहा. वाय वर्ग बरोबर एक्स घन वजा एक्स, हा येत नाही, कारण त्याला स्वतःला छेदणारा किंवा टोकदार असा एकही विशेष बिंदू नाही. आणि साइनचा वक्र, सायक्लॉइड, इन्व्होल्यूट, दोन खांबांमधली लोंबती साखळी हे बैजिकच नाहीत. ते कुठल्याही नर्ब्जमध्ये तंतोतंत बसणार नाहीत, सॉफ्टवेअर कितीही महाग असो. ‘इक्वेशन ड्रिव्हन कर्व्ह’ असं ऐटबाज नाव असलं तरी आत जाऊन ती स्प्लाइनच होते.

मग ज्याला तंतोतंत काढता येतं त्याची तुम्ही काय दशा केलीत ते बघा. इलिप्स कमांड तुमच्यासमोर होती. पेलिप्स हे चल शून्य ठेवलं की खरा इलिप्स मिळतो, एक केलं की पॉलिलाइनचा बनाव मिळतो. चार केंद्रांची पद्धत कंपास हातात असलेल्यांसाठी होती. ती मुलं मिनी-ड्राफ्टर खांद्याला लावून बसने यायची, त्यांच्यापाशी दुसरं साधन नव्हतं. तुमच्यापाशी आहे आणि तुम्ही त्यांची मर्यादा तेवढी उचललीत, मेहनत नाही.

इलिप्सला ५ मिमी ऑफसेट देऊन जो बाहेरचा वक्र आला त्याच्याशेजारीही ‘इलिप्स’ लिहिणाऱ्यांनी आता लिस्ट द्या. काय म्हणतंय? स्प्लाइन. इलिप्सचा ऑफसेट इलिप्स नसतो. अर्धे अक्ष ५० आणि ३० असताना बाहेरचा वक्र ५५ आणि ३५च्या इलिप्सशी फक्त अक्षांच्या टोकांवर जुळतो, मध्ये सुमारे ०.१४ मिमी फरक पडतो. आणि आतल्या बाजूला १८ मिमीपेक्षा जास्त ऑफसेट मागितलात तर वक्र स्वतःलाच छेदायला जातो, कारण लांब अक्षाच्या टोकाशी वक्रतात्रिज्या ३०चा वर्ग भागिले ५०, म्हणजे १८च आहे. ‘एरर येतोय, मॅडम’ म्हणून धावत आलात. एरर नव्हता. ते गणित होतं, तुम्हाला सांगू पाहत होतं.

पॅराबोलाचं तर मला राहून राहून वाईट वाटतं, कारण तो सगळ्यांत सोपा. सोलर कुकरची डिश होती: रुंदी १२०० मिमी, खोली २००. स्प्लाइन कमांड, पद्धत सीव्ही, डिग्री २, फक्त तीन नियंत्रणबिंदू: उणे ६०० आणि २००, शून्य आणि उणे २००, ६०० आणि २००. संपलं. दोन्ही टोकांच्या स्पर्शिका शिरोबिंदूच्या खाली खोलीइतक्याच अंतरावर भेटतात, म्हणून मधला बिंदू तिथे. आलेला वक्र अंदाजे नाही, तंतोतंत पॅराबोला आहे, नाभी ४५० मिमीवर. तुम्ही काय दिलंत? १००० मिमी त्रिज्येचा चाप. टोकांना बरोबर, तळाला बरोबर, आणि मध्ये साडेपाच मिमीपर्यंत खाली. असल्या डिशवर किरण एका जागी कसे जमतील?

‘साडेपाच मिमीने काय होतं?’ मागच्या बाकावरून आवाज आलेला मी ऐकला. उत्तर खोडदला आहे. विज्ञान दिनाला तिथे जाऊन डिशपुढे सेल्फी काढता ना, त्या डिशबद्दल बोलू. नारायणगावजवळची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रत्येकीची नाभी १८.५४ मीटरवर. आकडे घाला: कडेपाशी खोली ६.८३ मीटर येते. आता तुमचा लाडका थ्री-पॉइंट आर्क तिथे लावा. कड जुळेल, तळ जुळेल, आणि केंद्रापासून १६ मीटरवर सुमारे १६ सेंटिमीटरची चूक निघेल. ही दुर्बीण हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर टिपते. डिशच्या पृष्ठभागाची चूक साधारण लहरीच्या सोळाव्या-विसाव्या भागाच्या आत लागते, म्हणजे एखाद सेंटिमीटर. तुमच्या चापाने त्या लहरीचा चुराडा केला असता.

आणि आता नीट ऐका, कारण इथे हुशार मुलं मला पकडायला बघतील. खोडदची डिशसुद्धा तंतोतंत पॅराबोला नाही! नळ्यांच्या १६ पॅराबोलाकार चौकटी, त्यांना ताणलेले तारांचे दोर, आणि त्यावर ०.५५ मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. जाळीचे तुकडे जवळपास सपाट आहेत. सपाट तुकड्यांनी बाक साधलाय. म्हणजे त्यांनीही अंदाजेच काम केलं, मग तुम्हाला का बोलायचं? कारण त्यांनी आधी गणित केलं. लहर किती मोठी, तिला किती चूक चालेल, जाळीची छिद्रं किती मोठी ठेवली तर ती लहर पलीकडे निसटणार नाही, वारा किती लागेल, वजन किती वाचेल, पैसा किती वाचेल. मग मधल्या भागाला १० मिमीची छिद्रं, त्यापुढे १५, कडेला २०. चूक किती आणि कुठे, हे ठरवून, मोजून केलेली चूक आहे ती. तिला इंजिनिअरिंग म्हणतात. तुमच्या चुकीला नाव, गाव, आकडा काहीच नाही.

रेल्वेही हेच करते. सरळ रुळावरून वळणात शिरताना आपली रेल्वे घनघाती पॅराबोला वापरते, वाय म्हणजे एक्स घन भागिले ६ आर एल, आर ही वळणाची त्रिज्या आणि एल ही या जोडवक्राची लांबी. खरा हवा तो क्लोथॉइड, लांबीच्या प्रमाणात वक्रता वाढत जाणारा. पण वळणाचा कोन लहान असताना दोघांत फरक नगण्य राहतो, हे तपासून मग तो स्वीकारलाय. कोन वाढला तर तो चालणार नाही.

म्हणून सायक्लॉइड अंदाजे काढलात याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तो दुसऱ्या कशाने काढताच येत नाही. मी बोलणार आहे ते तुम्ही तपासलं नाहीत याबद्दल. ५० मिमी व्यासाचं चाक जमिनीवर एक फेरी घेतं, तेव्हा परिघावरच्या बिंदूच्या मार्गाची लांबी त्रिज्येच्या आठपट. नेमकी २०० मिमी. खालचं क्षेत्रफळ तीन पाय आर वर्ग, ५८९०.५ चौरस मिमी. गणिताने आयतं ताटात वाढलेलं उत्तर आहे हे! वक्रावर क्लिक करा, लांबी वाचा, २००शी ताडून बघा. पाच सेकंद लागतात. बारा बिंदू सरळ रेषांनी जोडणाऱ्यांची लांबी सुमारे १९९.४ येते. चोवीस घेतलेत तर १९९.८६. बिंदू दुप्पट केले की चूक चौथाई होते, हे तुम्हाला तुमच्याच फाइलीतून दिसलं असतं. टोकांच्या स्पर्शिका नीट दिलेल्या क्यूबिक स्प्लाइनला बिंदू दुप्पट केले की चूक सोळावा हिस्सा होते. पण एक अट आहे: वक्र मध्ये कुठे मोडता कामा नये. दोन फेऱ्यांचा सायक्लॉइड एकाच स्प्लाइनने काढणाऱ्यांनी जिथे बिंदू जमिनीला टेकतो ते टोक गोल करून टाकलंय. तिथे एक वक्र संपवायचा आणि दुसरा सुरू करायचा. इन्व्होल्यूटचीही अशीच परीक्षा आहे: लांबी म्हणजे आर गुणिले टी वर्ग भागिले दोन. कोणी घेतली? कोणीही नाही.

आणि मुळात बाराच बिंदू का? कारण एन. डी. भट्टांच्या पुस्तकात वर्तुळाचे बारा भाग केलेत. ते सेट-स्क्वेअरने ३० अंश काढता येतात म्हणून केलेत, बाळांनो! सॉफ्टवेअरला बाराचं काय सोयरसुतक?

‘पुढे कॅम बघून घेईल’ हेही ऐकलं. मशीनचा प्रोग्राम बनवणारं ते सॉफ्टवेअर काय बघेल? बऱ्याच मशीनच्या कंट्रोलरला सरळ रेघ आणि गोल चाप एवढंच कळतं, जी०१, जी०२, जी०३. तुमचा वक्र तिथे पुन्हा एकदा तुकड्यांत मोडतो. ५० मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचे ७२ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा मध्यावर जवळजवळ ०.०४८ मिमी आत सरकतो. म्हणजे तुमच्या चुकीवर मशीनची चूक चढते, आणि भोसरीच्या शॉपमध्ये वायरकटवर उभा असलेला माणूस ती तुमच्यापेक्षा आधी ओळखतो. तो तुम्हाला साहेब म्हणतो आणि तुम्ही गेल्यावर हसतो. हसू दे. त्याचं बरोबर आहे.

आता जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमच्या आधीच्या पिढ्या काचेखाली दिवा लावून शीट गिरवायच्या, त्यात निदान हात तरी फिरायचा. तुम्ही फाइल कॉपी करता आणि टायटल ब्लॉकमधलं नाव बदलता. ऑटोकॅड प्रत्येक वस्तूला एक हँडल देतं आणि लिस्टमध्ये ते दिसतं. चार फाइलींत इन्व्होल्यूटचं हँडल अक्षरशः एकच आहे. फाइल प्रॉपर्टीजमध्ये एकूण एडिटिंग टाइमही असतो. सबंध गिअर तीन मिनिटांत काढणारा कलाकार कोण ते मला कळलंय, त्याने स्वतः येऊन भेटलेलं बरं. आणि ज्याची फाइल घेतलीत त्याचाही दात चुकलेला आहे. चोरी करायची तर निदान शहाण्याच्या घरात शिरायचं.

पुढचं सांगते, लिहून घ्या. फोटो नाही, लिहून. प्रत्येक वक्राखाली चार ओळी हव्यात. पहिली: समीकरण, टी कुठून कुठपर्यंत, आणि तो रेडियनमध्ये की अंशांत. दुसरी: वक्र तंतोतंत आहे की अंदाजे, आणि का. तिसरी: अंदाजे असेल तर सर्वांत मोठी चूक किती मिमी आणि कुठल्या जागी. त्यासाठी बिंदूंच्या मधल्या जागा तपासायच्या. दिलेल्या बिंदूंवर चूक शून्यच येणार, ते सांगायला येऊ नका. चौथी: बाहेरून घेतलेली एक तरी परीक्षा. लांबी, क्षेत्रफळ, टोकाची स्पर्शिका, वक्रतात्रिज्या, काय जमेल ते. या चार ओळी नसलेली फाइल मी उघडणार नाही आणि टर्मवर्कच्या रकान्यात तोवर काही लिहिणार नाही. घरून फोन आला तर त्यांनाही हेच ऐकवीन.

व्हायवाला पहिला प्रश्न ‘चूक किती?’ हाच असेल, तो आत्ताच फोडून ठेवते. ‘शून्य’ म्हणालात, तर का ते सिद्ध करायचं. ‘इतके मायक्रॉन’ म्हणालात, तर कुठे ते बोट ठेवून दाखवायचं. ‘माहीत नाही’ म्हणालात, तर शेजारी बसवून पुन्हा शिकवीन, त्याचे मार्क कापणार नाही. पण विचार न करता आकडा फेकलात, तर पुढच्या वर्षी याच बाकावर, याच विषयाला भेटू.

लॅब सहापर्यंत उघडी आहे. उठा.